विमानाच्या मापाचे जहाज

विमानवाहू युद्धनौका चाळीस-पन्नास वर्षे चालते. तिच्यावरून उडणारे लढाऊ विमान पंचवीस-तीस वर्षांत कालबाह्य होते. म्हणजे एका जहाजाच्या आयुष्यात विमानांच्या किमान दोन पिढ्या येतात, आणि दुसऱ्या पिढीचे विमान कसे असेल हे पहिल्या पिढीच्या वेळी कोणालाच ठाऊक नसते. अमेरिकेसारख्या देशाकडे अकरा विमानवाहू जहाजे आहेत. त्यांतले एखादे जुने पडले, एखाद्या विमानाची निवड चुकली, तरी दलाचे काम थांबत नाही. ज्या नौदलाकडे एक किंवा दोनच जहाजे आहेत त्याला मात्र प्रत्येक निवड पुढची तीस वर्षे भोगावी लागते. भारतीय नौदल एकूण आकाराने लहान नाही, पण त्याचे विमानवाहू दल कायम लहानच राहिले आहे. १९६१ पासून आजपर्यंत चार जहाजे आली, आणि एका वेळी दोनांहून अधिक कधीच नव्हती. मुंबईची नौदल गोदी, गोव्याचा दाबोळी विमानतळ आणि कारवारचा नौदल तळ या कोकण किनाऱ्यावरच्या तीन ठिकाणी या दलाचा बहुतेक इतिहास घडला.

निवडीचे गणित समजायचे तर आधी डेकवरून विमान उडते कसे हे पाहावे लागते. जमिनीवर लढाऊ विमानाला हजार-दीड हजार मीटर धावपट्टी मिळते. जहाजावर फार तर दोनशे मीटर, आणि त्यातही काही जागा उभ्या विमानांनी व्यापलेली. ही तूट भरून काढण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिलीत वाफेच्या किंवा विजेच्या जोरावर चालणारा कॅटपल्ट विमानाला पुढे भिरकावतो, आणि उतरताना विमानाच्या शेपटीखालचा हुक डेकवर ताणलेल्या तारेत अडकतो. दुसरीत कॅटपल्ट नसतो. डेकचे पुढचे टोक वर वळवलेले असते, विमान स्वतःच्या इंजिनाच्या बळावर त्या चढावरून हवेत झेपावते, आणि उतरते मात्र तारेच्याच आधाराने. या चढाला स्की-जंप म्हणतात. तिसरीत विमान स्की-जंपवरून उडते आणि इंजिनाचा झोत खाली वळवून सरळ उभे उतरते, त्यामुळे तारेचीही गरज राहत नाही.

कॅटपल्ट महाग आणि किचकट असतो, पण जड विमान पूर्ण इंधन आणि शस्त्रांसह उडवू शकतो. स्की-जंप स्वस्त आणि भरवशाचा, मात्र त्यावरून उडणाऱ्या विमानाला इंधन किंवा शस्त्रे यांपैकी काहीतरी कमी घ्यावे लागते. उभे उतरणारे विमान लहान जहाजावरही चालते, पण त्याचा पल्ला तोकडा राहतो. या तिन्हींपैकी कोणती पद्धत घ्यायची हे जहाजाचा आराखडा ठरतानाच ठरते, आणि एकदा ठरले की बदलणे जवळपास नवे जहाज बांधण्याइतके अवघड जाते.

याला जोडून वाऱ्याचा हिशेब येतो. जहाज २५ नॉट वेगाने १० नॉट वाऱ्याला सामोरे गेले, तर डेकवर उभ्या असलेल्या विमानाला धावण्याआधीच ३५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाचा वारा मिळतो. जहाजाचा वेग घटला आणि वाराही पडला, की कागदावर उडू शकणारे विमान डेकवरच उभे राहते. शेवटी प्रश्न येतो हॅंगर आणि लिफ्टचा. विमाने डेकखाली ठेवली जातात आणि लिफ्टने वर येतात. लिफ्टच्या रुंदीत जे मावत नाही ते विमान कितीही उत्तम असले तरी त्या जहाजाला निरुपयोगी.

भारताने विमानवाहू दलाचा मार्ग धरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या जहाजांच्या बाजारातून. ब्रिटनने युद्धकाळात कोलोसस आणि मॅजेस्टिक वर्गाची हलकी विमानवाहू जहाजे घाईने बांधायला घेतली. युद्ध संपले तेव्हा त्यांतली काही अर्धवट राहिली. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, नेदरलँड्स, ब्राझील, अर्जेंटिना आणि भारत या सगळ्यांची विमानवाहू दले याच कुटुंबातल्या जहाजांवर उभी राहिली. मॅजेस्टिक वर्गातले ‘हर्क्युलिस’ १९४५ मध्ये पाण्यात उतरले होते, पण पुढच्या वर्षी त्याचे काम थांबवण्यात आले. भारताने ते १९५७ मध्ये विकत घेतले. बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत त्याला तिरकी धावपट्टी, वाफेचा कॅटपल्ट आणि वैमानिकाला उतरण्याचा कोन दाखवणारी आरशाची यंत्रणा बसवण्यात आली. अर्धवट जहाज घेण्याचा हाच मोठा फायदा होता. युद्धानंतर निघालेल्या या तिन्ही सुधारणा बांधकामातच सामावून घेता आल्या. ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ते ‘आयएनएस विक्रांत’ म्हणून नौदलात दाखल झाले, आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला मुंबईत पंतप्रधान नेहरूंनी त्याचे स्वागत केले. पहिले कप्तान होते प्रीतम सिंग महिंद्रू.

विमाने निवडताना जहाजाने हात बांधले होते. वीस हजार टनांच्या आतल्या या जहाजावर त्या काळातली स्वनातीत लढाऊ विमाने चालणार नव्हती. म्हणून ब्रिटिश बनावटीचे सी हॉक घेण्यात आले. हे लहान, मजबूत, एका इंजिनाचे विमान सुएझच्या १९५६ च्या लढाईत वापरले गेले होते. भारताने ते घेतले तेव्हा ब्रिटिश नौदल त्याला आघाडीच्या दलातून निवृत्त करत होते. म्हणजे नवे जहाज आणि उतारवयातले विमान अशी ही जोडी होती. पुढे पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरलेली सी हॉक घेऊन ताफा टिकवावा लागला, कारण हे विमान बनणे कधीच थांबले होते. पाणबुडीविरोधी कामासाठी मात्र ब्रिटनकडे न जाता फ्रान्सचे ब्रेगे अलिझे हे तीन माणसांचे टर्बोप्रॉप विमान निवडले गेले. ही निवड जास्त दूरदृष्टीची ठरली. अलिझे हळू उडत असे, पण त्याच्याकडे रडार होते आणि तासन्‌तास समुद्रावर राहण्याची क्षमता होती. सी हॉकची ३०० क्रमांकाची स्क्वाड्रन ‘व्हाइट टायगर्स’, तर अलिझेची ३१० क्रमांकाची ‘कोब्राज’. १८ मे १९६१ रोजी विक्रांतच्या डेकवर जेट विमान उतरवणारे पहिले भारतीय वैमानिक होते राम तहिलियानी. तेच पुढे नौदलप्रमुख झाले.

विमानवाहू दलाला किनाऱ्यावर एक घर लागते. जहाज गोदीत असते तेव्हा विमाने तिथेच राहतात, वैमानिक तिथेच सराव करतात. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा विक्रांत त्या किनाऱ्याबाहेर गस्तीवर होती. मुक्तीनंतर दाबोळीचा पोर्तुगीजकालीन विमानतळ नौदलाकडे आला आणि १९६४ मध्ये ‘आयएनएस हंसा’ हा तळ तिथे हलवण्यात आला. दाबोळीला येणारे प्रवासी ज्या धावपट्टीवर उतरतात तिच्यावरच गेली साठ वर्षे नौदलाच्या लढाऊ विमानांचा वावर आहे.

एकच जहाज असण्याची किंमत १९६५ मध्ये कळली. युद्ध सुरू झाले तेव्हा विक्रांत मुंबईत दुरुस्तीसाठी गोदीत होती आणि लढाईत उतरलीच नाही. त्या वेळी नौदलप्रमुख होते भास्कर सदाशिव सोमण. जहाजाला ठरावीक काळाने महिनोन्‌महिने गोदीत जावेच लागते. म्हणून पश्चिम किनाऱ्यासाठी एक, पूर्वेसाठी एक आणि दुरुस्तीत एक, अशी तीन जहाजे हवीत ही मागणी नौदल आजही करत आहे. ही चैन नाही. दोन समुद्रांना सामोऱ्या असलेल्या देशात एका जहाजाच्या भरवशावर युद्धाची आखणी करता येत नाही, हे १९६५ ने दाखवून दिले.

१९७१ ची गोष्ट अधिक बोलकी आहे. विक्रांतच्या बॉयलरच्या ड्रममध्ये तडे गेल्याचे आदल्या वर्षी आढळले होते. नवे ड्रम बसवायला वेळ नव्हता. बॉयलरवर कमी दाब ठेवून, वेगावर कडक मर्यादा घालून जहाज युद्धात न्यायचे ठरले. कमी वेग म्हणजे डेकवर कमी वारा, आणि त्यामुळे विमाने उडवताना प्रत्येक वेळी वाऱ्याची दिशा आणि विमानाचे वजन यांचा बारीक हिशेब करावा लागे. शिवाय सी हॉक आवाजापेक्षा कमी वेगाचे, पाकिस्तानी हवाई दलाच्या जेट विमानांपुढे पश्चिमेला त्याचा निभाव लागणे कठीण. पूर्व पाकिस्तानात मात्र शत्रूचे हवाई बळ अगदी थोडे होते. जहाजाची अवस्था आणि विमानाचा आवाका या दोन्हींनी मिळून विक्रांत कुठे लढणार हे ठरवले. ४ डिसेंबर १९७१ रोजी सी हॉकनी आधी कॉक्स बाजार आणि मग चितगाववर हल्ले केले. पुढचे दिवस सी हॉक आणि अलिझे यांनी बंदरे, धावपट्ट्या आणि जहाजे यांवर हल्ले सुरू ठेवले, आणि पूर्व पाकिस्तानचा समुद्रमार्ग बंद झाला. विक्रांतचे कप्तान स्वराज प्रकाश आणि ३०० स्क्वाड्रनचे प्रमुख संतोषकुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळाले. जुने विमान आणि आजारी जहाज असतानाही योग्य जागी वापरल्यास एवढे साधता आले, याचे श्रेय ज्यांनी ती जागा निवडली त्यांना जाते.

अशीच वाऱ्याची अडचण अकरा वर्षांनी दुसऱ्या एका लहान नौदलाला आली. मे १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिनाचे ‘व्हेइन्तिसिंको दे मायो’ हे कोलोसस वर्गाचे जहाज ब्रिटिश ताफ्यावर स्कायहॉक विमाने सोडायच्या तयारीत होते. ऐन वेळी वारा पडला. भारी शस्त्रे घेतलेली विमाने उडवता आली नाहीत आणि हल्ला रद्द झाला. नंतर त्या नौदलाची विमाने किनाऱ्यावरच्या तळांवरूनच लढली.

१९७१ च्या युद्धानंतर सी हॉकचा वारस शोधायला सुरुवात झाली. विक्रांतच्या डेकवर मावेल आणि कॅटपल्टला झेपेल असे नवे जेट जगाच्या बाजारात जवळजवळ उरलेच नव्हते. १९७२ मध्ये ब्रिटिश वैमानिक जॉन फार्ली यांनी दोन आसनी हॅरियर विक्रांतवर उतरवून आणि उडवून दाखवले. या विमानाला कॅटपल्ट नको, तार नको, वाऱ्याचा आग्रहही फारसा नाही. लहान आणि म्हाताऱ्या जहाजासाठी याहून योग्य उत्तर नव्हते. तरीही मागणी नोंदवायला १९७९ उजाडले आणि पहिली सी हॅरियर गोव्यात पोचली ती डिसेंबर १९८३ मध्ये. त्याच वर्षी सी हॉक निवृत्त झाली. प्रात्यक्षिकापासून विमान येईपर्यंत लागलेली ही अकरा वर्षे पुढच्या प्रत्येक खरेदीत कमी-अधिक प्रमाणात पुन्हा दिसतात.

सी हॅरियर आले आणि विक्रांतचे रूप बदलले. कॅटपल्ट काढून डेकच्या टोकाशी स्की-जंप बसवण्यात आला. त्याबरोबर अलिझेचा डेकवरचा मुक्काम संपला, कारण कॅटपल्टशिवाय ते उडू शकत नव्हते. १९८७ मध्ये ते शेवटचे डेकवरून उडाले. पाणबुड्यांचा शोध मग सी किंग हेलिकॉप्टरांकडे आला. इथे एक मोठी गोष्ट हातची गेली. दूरवर टेहळणी करणारे रडारधारी, पंखांचे विमान भारतीय डेकवर त्यानंतर परत आलेले नाही. पुढे रशियन कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरवर रडार बसवून ही उणीव अंशतः भरण्यात आली, पण हेलिकॉप्टर तेवढ्या उंचीवर आणि तेवढा वेळ राहू शकत नाही. एक लढाऊ विमान निवडताना दुसऱ्या कामाचे विमान असे नकळत सोडून द्यावे लागते, आणि त्याची झळ उशिरा पोचते.

दुसरे जहाज निवडताना क्रम उलटा झाला. हॅरियर हाती होते, आता त्याला साजेसे मोठे डेक हवे होते. फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याचे ध्वजजहाज असलेले ‘हर्मिस’ हेच ते डेक. त्यावर १२ अंशांचा स्की-जंप आधीच होता आणि सी हॅरियर त्यावरूनच लढली होती. भारताने ते १९८६ मध्ये घेतले, आणि १२ मे १९८७ रोजी ‘आयएनएस विराट’ म्हणून ते दाखल झाले. विमान आधी ठरले आणि जहाज त्याच्या मापाने आले, असे भारताच्या जहाज-खरेदीत घडलेले हे एकमेव उदाहरण. विराटने तीस वर्षे चोख सेवा दिली ती बऱ्याच अंशी या जुळणीमुळे. १९९७ मध्ये विक्रांत निवृत्त झाली आणि पुढची सोळा वर्षे देशाचे सारे विमानवाहू बळ या एका जहाजावर होते.

सी हॅरियरचा कमकुवत दुवा वेगळा होता. हे विमान जगात फक्त दोन नौदलांकडे होते, ब्रिटन आणि भारत. ब्रिटनने २००६ मध्ये आपली सी हॅरियर निवृत्त केली, तेव्हा सुटे भाग आणि दुरुस्तीचा आधारच सुटला. अपघातांत अनेक विमाने गेली होती. उरलेल्यांना इस्रायली रडार आणि डर्बी क्षेपणास्त्रे बसवून काही वर्षे काढली. ११ मे २०१६ रोजी गोव्यात त्यांना निरोप देण्यात आला आणि व्हाइट टायगर्सनी मिग-२९के घेतले. पुढच्या वर्षी ६ मार्चला विराट निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याचा प्रस्ताव महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजूर केला होता, पण तो प्रत्यक्षात आला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ती तोडणीसाठी अलंगला पोचली. पहिल्या विक्रांतचेही मुंबईत दारूखान्याला २०१४ मध्ये असेच झाले. दोन्ही जहाजांपैकी एकही जतन झाले नाही, ही मनाला लागणारी गोष्ट आहे.

तिसऱ्या जहाजाची खरेदी सर्वांत महाग धडा देऊन गेली. सोव्हिएत नौदलाचे ‘बाकू’, पुढे ‘अ‍ॅडमिरल गोर्शकोव्ह’, हे १९८७ साली सेवेत आलेले जहाज १९९६ पासून पडून होते. त्याच्या पुढच्या डेकवर क्षेपणास्त्रांचे नळे होते. ते काढून, पूर्ण लांबीचे डेक आणि १४ अंशांचा स्की-जंप बसवून देण्याचा करार जानेवारी २००४ मध्ये झाला. जहाजाचा सांगाडा जणू फुकट, पैसे फक्त दुरुस्तीचे, ९७ कोटी ४० लाख डॉलर, आणि जहाज २००८ मध्ये मिळणार. रशियात सेव्हेरोद्विन्स्कच्या गोदीत काम उघडले तेव्हा केबल, यंत्रणा आणि सांगाड्याचा किती भाग नव्याने करावा लागेल याचा अंदाज साफ चुकला असल्याचे दिसले. किंमत सुमारे २३५ कोटी डॉलरवर गेली. २०१२ च्या समुद्र चाचण्यांत आठपैकी सात बॉयलर बिघडले. अखेर १६ नोव्हेंबर २०१३ रोजी ‘आयएनएस विक्रमादित्य’ दाखल झाली आणि पुढच्या जानेवारीत कारवारच्या तळावर पोचली. वापरलेले जहाज घेताना सांगाड्याची किंमत सर्वांत कमी महत्त्वाची असते. आत काय आहे हे उघडून पाहण्याआधी आकडा मान्य केला, इथेच चूक झाली.

या जहाजाबरोबर मिग-२९के विमान जवळजवळ आपोआप आले. स्की-जंपवरून उडेल आणि तारेवर उतरेल असे दुसरे विमान त्या वेळी विकत मिळण्याजोगे जवळपास नव्हते. २००४ मध्ये १६ आणि २०१० मध्ये २९, अशी एकूण ४५ विमाने मागवली गेली. कागदावर हे विमान सी हॅरियरपेक्षा कितीतरी सरस. स्वनातीत वेग, दूरवर मारा करणारी क्षेपणास्त्रे, मोठा शस्त्रभार. प्रत्यक्षात महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे ‘कॅग’च्या, २०१६ च्या अहवालाने नोंदवले की एका आसनाची विमाने उड्डाणाला तयार असण्याचे प्रमाण १५.९३ ते ३७.६३ टक्क्यांच्या दरम्यान होते, आणि २०१० पासून ४० इंजिने, म्हणजे ६२ टक्के, रचनेतील दोषांमुळे सेवेतून काढावी लागली. पन्नास विमाने असून उपयोग नाही, सकाळी डेकवर किती उभी राहतात ते महत्त्वाचे. लहान ताफ्यात हे प्रमाण तिसऱ्या भागावर आले तर जहाज समुद्रात असूनही अर्धे रिकामे असते.

चौथे जहाज स्वतः बांधायचे ठरले. मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीने जानेवारी २००३ मध्ये मंजुरी दिली, कोची शिपयार्डमध्ये २००९ च्या फेब्रुवारीत जहाजाचा कणा बसवला गेला, २०१३ च्या ऑगस्टमध्ये जहाज पाण्यात उतरले, आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नवी ‘आयएनएस विक्रांत’ नौदलात दाखल झाली. लांबी २६२ मीटर, वजन सुमारे ४५ हजार टन, चार गॅस टर्बाइन, वेग २८ नॉट. युद्धनौकेचे विशेष पोलाद बाहेरून मिळेना, तेव्हा संरक्षण संशोधन संस्थेची धातुशास्त्र प्रयोगशाळा आणि ‘सेल’ ही पोलाद कंपनी यांनी ते देशात तयार केले. या पोलादाचा लाभ पुढच्या सगळ्या भारतीय युद्धनौकांना मिळाला, आणि एका विमानवाहू जहाजाने देशाच्या उद्योगाला दिलेली ती सर्वांत टिकाऊ देणगी आहे. मात्र मंजुरी ते सेवा हा प्रवास एकोणीस वर्षांचा झाला. २००३ च्या आसपास हाताशी असलेले विमान मिग-२९के, म्हणून जहाजाच्या लिफ्ट त्याच्या दुमडलेल्या पंखांच्या हिशेबाने आखल्या गेल्या, सुमारे १० मीटर रुंद. जहाज तयार झाले तेव्हा नौदल त्या विमानाला पर्याय शोधत होते.

एक पर्याय देशी होता. तेजसची नौदल आवृत्ती, म्हणजे एलसीए नेव्ही. तिच्यासाठी गोव्यात हंसा तळावर स्की-जंप आणि तारा बसवलेली डेकची जमिनीवरची प्रतिकृती बांधण्यात आली, आणि वैमानिक समुद्रावर जाण्याआधी इथे शेकडो वेळा उडून-उतरून तयार होऊ लागले. ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी एलसीए नेव्ही विक्रमादित्यच्या डेकवर उतरवले आणि दुसऱ्या दिवशी स्की-जंपवरून उडवले. हे यश खरे होते. पण एका इंजिनाचे हे विमान पुरेसे इंधन आणि शस्त्रे घेऊन डेकवरून उडू शकत नाही, असे नौदलाने २०१६ च्या अखेरीसच सांगितले होते. त्यातून शिकलेले दोन इंजिनांच्या नव्या देशी डेक-विमानाच्या आराखड्यात उतरवले जात आहे.

मधल्या काळासाठी परदेशी विमान हवे होते. २०१७ मध्ये नौदलाने ५७ विमानांसाठी माहिती मागवली, पुढे ती गरज २६ वर आली. स्पर्धा दोघांत झाली, फ्रान्सचे राफेल-एम आणि अमेरिकेचे एफ/ए-१८ सुपर हॉर्नेट. दोन्ही मुळात कॅटपल्टसाठी घडवलेली. स्की-जंपवरून ती उडतील का, हे पाहण्यासाठी २०२२ मध्ये जानेवारीत राफेल आणि मे-जूनमध्ये हॉर्नेट गोव्याच्या त्याच प्रतिकृतीवर आले. दोन्ही उडाली.

मग लिफ्टचा प्रश्न पुढे आला. हॉर्नेटचे पंख दुमडतात, राफेलचे दुमडत नाहीत आणि त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे १०.९ मीटर आहे. त्यामुळे पंखांच्या टोकांची क्षेपणास्त्रे आणि त्यांचे आधार काढून ते लिफ्टमध्ये नेण्याची सोय करावी लागते. दोन आसनी हॉर्नेट डेकवरून उडू शकते, दोन आसनी राफेल फक्त जमिनीवरच्या प्रशिक्षणासाठी. एवढे असूनही निवड राफेलची झाली, आणि ती बरोबर वाटते. हवाई दलाने ३६ राफेल आधीच घेतलेली आहेत. शस्त्रे, सुटे भाग, प्रशिक्षण आणि दुरुस्ती यांचा मोठा भाग सामायिक राहतो. सी हॅरियरला नेमक्या याच बाबतीत एकटेपणाने मारले होते. २८ एप्रिल २०२५ रोजी सुमारे ६३ हजार कोटी रुपयांचा करार झाला. त्यात २२ एक आसनी आणि ४ दोन आसनी विमाने आहेत, आणि ती सर्व २०३० पर्यंत येणे अपेक्षित आहे.

विमान आणि जहाज जुळले नाही तर काय होते याची उदाहरणे इतर लहान नौदलांत भरपूर आहेत. थायलंडने १९९७ मध्ये ‘चक्री नारुएबेत’ हे नवे जहाज घेतले आणि त्यासाठी स्पेनची वापरलेली हॅरियर. सुटे भाग आणि पैसा यांअभावी ती थोड्याच वर्षांत जमिनीवर आली आणि जहाज हेलिकॉप्टरांपुरते उरले. ब्राझीलने आधी कुवेतची वापरलेली स्कायहॉक घेतली, मग २००० मध्ये त्यांच्यासाठी फ्रान्सचे ‘फॉश’ हे जहाज. तेही जुनाट. आगीच्या घटनेनंतर ते फारसे समुद्रात गेले नाही आणि २०२३ मध्ये अटलांटिकमध्ये बुडवण्यात आले. ऑस्ट्रेलियाने आपले ‘मेलबर्न’ हे विमानवाहू जहाज निवृत्त केल्यावर वारस घ्यायचाच नाही असे १९८३ मध्ये ठरवले. स्वच्छ निर्णय होता तो, आणि त्यांच्या भूगोलात परवडणारा.

जहाजाबरोबर एक गोष्ट कायम मोजावी लागते, ती म्हणजे सोबतच्या नौकांचा ताफा. विमानवाहू जहाज एकटे कधीच बाहेर पडत नाही. हवाई हल्ले परतवणाऱ्या विनाशिका, पाणबुड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या फ्रिगेट आणि तेलवाहू जहाज त्याच्याबरोबर असते. १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत दाखल झालेली ‘आयएनएस सुरत’ ही माझगाव डॉकने बांधलेली, विशाखापट्टणम वर्गातली चौथी आणि शेवटची विनाशिका अशाच कामाची. सुरतेचा आणि मुंबईच्या गोदीचा धागा तसा जुना आहे. ती गोदी उभारायला १७३६ मध्ये लवजी वाडिया सुरतेहूनच आले. आज त्याच मुंबई नौदल गोदीत २८१ मीटर लांबीची विमानवाहू जहाजांसाठीची कोरडी गोदी आहे. ती २०१९ मध्ये सुरू झाली. १९६५ ची अडचण पूर्ण सुटलेली नाही, पण आजच्या मोठ्या जहाजांच्या दुरुस्तीची जागाही आता आपल्याकडे आहे.

पुढची निवड समोर उभी आहे. तिसरे जहाज ६५ हजार टनांचे, विजेच्या कॅटपल्टचे असावे, ही ‘विशाल’ नावाने चर्चिली गेलेली कल्पना. त्यावर टेहळणीचे विमानही उडवता आले असते, अलिझेबरोबर गेलेले काम परत मिळाले असते. पण एवढा खर्च पाणबुड्यांच्या वाट्यातून काढावा लागेल, आणि क्षेपणास्त्रांच्या काळात मोठे जहाज हे मोठे लक्ष्य आहे, असा आक्षेप तत्कालीन सरसेनाध्यक्ष बिपिन रावत यांनी २०२० मध्ये जाहीरपणे घेतला. नौदलाने त्यानंतर नव्या विक्रांतसारखेच दुसरे जहाज मागितले. तयार आराखडा, तयार गोदी, तयार पोलाद आणि सराव झालेले कामगार हे त्यामागचे कारण, आणि ते भक्कम आहे. कोचीत जमलेली कारागिरी काम नसल्यास काही वर्षांतच पांगते.

वेळेचा हिशेब मात्र कडक आहे. विक्रमादित्यचा सांगाडा १९८२ मध्ये पाण्यात उतरलेला. पुढचे जहाज नव्या विक्रांतच्या निम्म्या वेळात बांधले गेले, तरी ते विक्रमादित्यच्या जोडीला येण्यापेक्षा तिच्या जागी येण्याची शक्यता जास्त. त्याच्या डेकवर आधी राफेल असेल, मग दोन इंजिनांचे देशी विमान, ज्याचे पंख दुमडणारे ठेवण्याचे ठरले आहे. त्या जहाजाच्या लिफ्टची रुंदी न दुमडणाऱ्या राफेलला धरून ठेवायची, की दुमडणाऱ्या देशी विमानाला, की दोन्हींपेक्षा मोठ्या अशा पुढच्या पिढीच्या विमानाला, हा आकडा पोलादाचा पहिला पत्रा कापण्याआधी आराखड्यात लिहावा लागेल.